न्यूर्नबर्गचा पाथरवट आदाम क्राफ्ट आणि त्याचे सहकारी कारागीर

न्यूर्नबर्ग येथील सेंट लोरेन्झ ह्या चर्चमध्ये, मुख्य वेदीच्या उत्तरेस एका स्तंभाला लागून, सुमारे १९ मीटर उंचीचे एक दगडी शिल्पगृह उभे आहे. प्रभुभोजनाची पवित्र भाकरी ठेवण्यासाठी ते १४९३ ते १४९६ ह्या काळात उभारण्यात आले. (पुढे ह्या वास्तूस सोयीसाठी 'प्रसादगृह' असे म्हटले आहे.) खालच्या बाजूस कठडा असलेला सज्जा, त्यावर भाकरीचे कपाट, आणि तेथून वर मजल्यामागून मजला निमुळती होत गेलेली मूर्तींची व नक्षीची रचना, असे तिचे स्वरूप आहे. ख्रिस्ताने मातेचा घेतलेला निरोप, अखेरचे भोजन, जैतुनाच्या डोंगरावरील प्रार्थना, फटक्यांची शिक्षा, काट्यांचा मुकुट, क्रूसारोहण आणि सर्वांच्या वर पुनरुत्थान, असा कथाक्रम पायथ्यापासून शेंड्यापर्यंत जातो. शेंडा छतापर्यंत पोचतो आणि तेथे एखाद्या वेलीच्या कोंभाप्रमाणे वळतो. छताने वाट अडविली म्हणून वेलच वळली, असा भास पाहणाऱ्यास व्हावा, हे उघड आहे.

पाहणाऱ्याची दृष्टी साहजिकच वर जाते. परंतु ह्या वास्तूतील खरोखर अपूर्व अशी गोष्ट तळाशी, जमिनीलगत आहे. सज्जाचा भार तेथे तीन पुरुषमूर्तींनी आपल्या खांद्यापाठीवर पेलला आहे. त्या तिघांत संत कोणी नाही, प्रेषित कोणी नाही, दाताही कोणी नाही. ते दगडकाम करणारे कारागीर आहेत. त्यांच्या अंगावर कामाचे साधे कपडे आहेत आणि जवळ धंद्याची हत्यारे आहेत. दर्शनी बाजूस एक गुडघा टेकून बसलेला, दाढी असलेला, डोक्यास टोपी घातलेला मनुष्य हातात मोगरी व टाकी घेऊन आहे. तो स्वतः आदाम क्राफ्ट, आणि अन्य दोघे त्याच्या हाताखालचे कारागीर, असे परंपरा सांगते. मूर्तींवर नावे कोरलेली नाहीत. तथापि ही परंपरा संशयास्पद मानण्यास सबळ कारण दिसत नाही. उलट तिला बळकटी देणारा पुरावा त्याच नगरात, थोड्याच वर्षांनंतरच्या एका दुसऱ्या शिल्पात मिळतो. त्याचा विचार पुढे येईल.

ह्या तीन मूर्तींचा अर्थ कलेच्या इतिहासकारांनी बहुधा एकाच दिशेने लावला आहे. मध्ययुगातील निनावी कारागीर येथे व्यक्ती म्हणून, कलावंत म्हणून पुढे आला, असे ते म्हणतात. हा अर्थ खोटा नव्हे, पण तो अपुरा आहे. केवळ स्वतःची प्रतिमा ठेवणे एवढाच क्राफ्टचा हेतू असता, तर एका मूर्तीने काम भागले असते. त्याने तीन घडविल्या, आणि तिघांवरही सारखाच भार दिला. म्हणून ही प्रतिमा एका माणसाची मानावी की एका कर्मशाळेची, हा प्रश्न उपस्थित होतो. त्याच्या निर्णयासाठी न्यूर्नबर्गमधील धंद्यांची घडण आणि क्राफ्टचे त्या घडणीतील स्थान पाहणे आवश्यक आहे.

न्यूर्नबर्ग हे पंधराव्या शतकात जर्मन प्रदेशातील अत्यंत संपन्न व्यापारी नगरांपैकी एक होते. नगराचा कारभार मोजक्या कुलीन व्यापारी घराण्यांच्या हाती होता. १३४८-४९ मध्ये तेथील कारागिरांनी उठाव केला. तो मोडून काढण्यात आला, आणि त्यानंतर अन्य जर्मन नगरांत होत्या तशा स्वायत्त कारागीर-श्रेणी न्यूर्नबर्गमध्ये राहू दिल्या गेल्या नाहीत. धंद्यांचे नियम नगरपरिषद करी आणि त्यांवरील देखरेखही तीच करी. उमेदवारी किती वर्षांची, एका उस्तादाजवळ उमेदवार किती, उस्तादपद कोणास द्यावयाचे, हे सर्व परिषदेच्या कक्षेत होते. ह्या नियमनातून चित्रे काढणे, मूर्ती घडविणे असे काही व्यवसाय मात्र सुटले होते. त्यांस 'मुक्त कला' म्हणत. 'मुक्त' ह्या शब्दाने आज मनात जी प्रतिष्ठेची कल्पना येते, ती त्या काळी त्यात फारशी नव्हती. ज्यावर नियम लादावे इतका जो धंदा मोठा अथवा धोक्याचा नव्हता तो मुक्त, एवढाच त्याचा व्यावहारिक अर्थ होता.

पाथरवटाचा धंदा त्याहून निराळा. त्याचे नियम एका नगरापुरते नसून साऱ्या जर्मन प्रदेशात पसरलेले होते. १४५९ मध्ये रेगेन्सबुर्ग येथे पाथरवटांच्या प्रमुखांनी एकत्र येऊन आपली आचारसंहिता ठरविली होती. मुलाने प्रथम उमेदवारी करावयाची. ती पुरी झाली की तो 'गेझेल', म्हणजे रोजमुऱ्यावर काम करणारा तयार कारागीर होई. मग गावोगाव हिंडून निरनिराळ्या उस्तादांच्या हाताखाली काम करावयाचे. आणि त्यानंतर साधले तर स्वतः उस्ताद व्हावयाचे. पुष्कळांना हे अखेरचे साधत नसे. ते जन्मभर गेझेलच राहत. ह्याच संहितेत एक लक्षणीय नियम आहे. इमारतीच्या जमिनीवरील आराखड्यावरून तिची उभी रचना कशी काढावयाची, ही विद्या धंद्याबाहेरच्या कोणासही शिकवू नये, असे त्यात बजाविले आहे. कागदावरचा चौरस फिरवीत फिरवीत त्यातून उंच शिखराची मापे काढण्याची ही रीत म्हणजे पाथरवटांचे खरे भांडवल होते. पुढे १४८६ मध्ये रेगेन्सबुर्गच्याच मात्थेउस रोरिट्झर नावाच्या उस्तादाने ह्या विषयावर एक लहानशी पुस्तिका छापली, आणि साधारण त्याच सुमारास न्यूर्नबर्गमधील हान्स श्मुटरमायर ह्या सोनाराने दुसरी. गुप्ततेची भिंत आतूनच ढासळू लागली होती. त्या भिंतीला पहिल्या भेगा पाडणाऱ्या दोघांपैकी एक पाथरवट व दुसरा सोनार असावा, ही गोष्ट त्या काळाच्या स्थितीवर चांगला प्रकाश टाकते.

आदाम क्राफ्ट अशा जगात वाढला. त्याचा जन्म १४५५ ते १४६० च्या दरम्यान केव्हातरी झाला असावा. तत्कालीन व्यवहारात त्याची ओळख 'उस्ताद आदाम, पाथरवट' अशीच आहे. त्याची पहिली निश्चित कामगिरी १४९० ची, म्हणजे वयाची तिशी गाठल्यानंतरची. सेंट सेबाल्ड चर्चच्या बाहेरील भिंतीवर श्रायर व लांडाउअर ह्या घराण्यांच्या स्मारकाचे काम त्याच्याकडे आले व ते १४९२ मध्ये पुरे झाले. ज्या जागी हे शिल्प बसवावयाचे होते तेथे आधी भित्तिचित्रे होती, आणि त्या चित्रांना धरून दगडात काम करावे अशी अपेक्षा होती. पाथरवटाला चित्रकाराचे काम सांगण्यात आले, असे म्हटले तरी चालेल. क्राफ्टने डोंगर, वाटा, दूरचे नगर, गर्दीतील माणसे हे सारे उठावात कोरले. चौकटी, कमानी आणि शिखरे घडविणारा कारागीर प्रसंग कोरणारा शिल्पकार झाला तो ह्या कामाच्या ओघात. अर्थात, तीस वर्षांपर्यंतच्या कष्टाखेरीज असे काम एकाएकी हातून उतरत नाही. त्याच्या शैलीवरून तो भटकंतीच्या काळात ऱ्हाइन नदीच्या वरच्या खोऱ्यात काम करून आला असावा, असा तर्क करण्यात आला आहे आणि तो ग्राह्य वाटतो.

त्यानंतर लगेचच प्रसादगृहाचे काम आले. २५ एप्रिल १४९३ रोजी हान्स इम्होफ ह्या धनाढ्य व्यापाऱ्याने क्राफ्टशी करार केला. काम तीन वर्षांत व्हावयाचे होते. मोबदला ७०० गुल्डन ठरला. काम पुरे झाल्यावर इम्होफने आणखी ७० गुल्डन दिले, ह्यावरून तो संतुष्ट झाला असावा. व्यापारी मनुष्य ठरल्यापेक्षा जास्त देतो ही गोष्ट सामान्य नव्हे. दगड त्याच परिसरातील वालुकाश्म होता. हा दगड टाकीला चांगला वळतो, पण त्याच्या बारीक काड्या काढू गेल्यास तुटतो. असे असता क्राफ्टने त्यातून वेलींचे तंतू, गुंतलेल्या फांद्या आणि मागे वाकणारी शिखरे काढली. पुढील पिढ्यांना हे इतके अशक्य वाटले की, क्राफ्टला दगड मऊ करण्याची अथवा तो वितळवून साच्यात ओतण्याची गुप्त विद्या अवगत होती, अशी आख्यायिका प्रसृत झाली. आख्यायिकेला आधार नाही. टाकीची कामे टाकीनेच झाली, आणि असंख्य तुकडे एकमेकांत बसवून ही रचना उभी राहिली. प्रत्येक तुकडा आधी खाली घडवावयाचा, मापाला बरोबर आहे की नाही हे तपासावयाचे, मग परांचीवरून वर चढवावयाचा. आणि हे सारे दिवसभरात एका माणसाच्या दोन हातांनी होणारे नव्हे. तीन वर्षांची मुदत कर्मशाळेच्या भरवशावरच पाळता आली असली पाहिजे. आख्यायिकेचा खरा दोष हाच की, गुप्त विद्येचे श्रेय एका उस्तादाला देताना तिने त्याच्याभोवतीची माणसे पुसून टाकली. क्राफ्टने स्वतः ती पुसली नव्हती.

आता मूर्तींकडे पुन्हा वळावे. भार वाहणाऱ्या मूर्ती युरोपीय शिल्पात नव्या नाहीत. तेराव्या शतकातील इटालियन व्यासपीठांचे खांब सिंहांच्या पाठीवर अथवा वाकलेल्या माणसांवर टेकलेले आढळतात. परंतु अशा ठिकाणचा भारवाहक हा बहुधा पशू, पराभूत शत्रू, अथवा नुसताच अलंकार असतो. (आपल्याकडील यक्ष-भारवाहकही ह्याच जातीचे. पितळखोरे येथील लेण्यात डोक्यावर पात्र घेतलेला जो ठेंगणा यक्ष सापडला, त्याच्या हातावर तो कण्हदास नावाच्या सोनाराने केल्याचे कोरले आहे. धंद्याने सोनार असलेला मनुष्य दगडात मूर्ती घडवून तीवर नाव व धंदा दोन्ही लिहितो, हे साम्य नजरेत भरते. पण तेथे नाव कारागिराचे असले तरी रूप यक्षाचेच आहे. दोन्ही परंपरांचा परस्परांशी ऐतिहासिक संबंध नाही, हे सांगावयास नकोच.) क्राफ्टने ह्या हलक्या समजल्या जाणाऱ्या जागेवर स्वतःला आणि आपल्या माणसांना बसविले. त्यात नम्रता आहे यात शंका नाही. ज्या भाकरीस ख्रिस्ताचे शरीर मानावयाचे, तिच्या पायाशी गुडघा टेकून बसणे हे भक्ताचे वर्तन आहे. पण त्याच वेळी त्यात एक ठाम विधानही आहे. दात्या घराण्याची आठवण ह्या वास्तूवर कुलचिन्हांनी राखली आहे. चेहरे मात्र आहेत ते घडविणाऱ्यांचे.

तिन्ही मूर्तींच्या वयात फरक आहे, हे पुष्कळांनी नोंदविले आहे. ह्यावरून काही अभ्यासक येथे मनुष्याच्या तीन अवस्था पाहतात, तर काही उस्ताद, गेझेल आणि उमेदवार ह्या धंद्याच्या तीन पायऱ्या. ह्या दोहोंत विरोध मानण्याचे कारण नाही. धंद्यात वय आणि पायरी बरोबरच चालत. मात्र दुसरा अर्थ अधिक जवळचा वाटतो, कारण मूर्तींजवळ हत्यारे आहेत. मनुष्याच्या अवस्था दाखवावयास टाकी लागत नाही.

क्राफ्टचे आपल्या माणसांशी वागणे कसे होते, ह्याविषयी एक महत्त्वाची साक्ष उपलब्ध आहे. न्यूर्नबर्गचा लेखनविद्येचा व गणिताचा शिक्षक योहान नॉयडर्फर ह्याने १५४७ मध्ये आपल्या नगरातील कलावंत व कारागीर ह्यांच्याविषयी थोडक्यात टिपणे लिहून ठेवली. नॉयडर्फरचा जन्म १४९७ चा. क्राफ्ट वारला तेव्हा तो अकरा-बारा वर्षांचा मुलगा होता. म्हणजे त्याची माहिती बहुतांशी नगरातील वृद्धांच्या तोंडून आलेली. तिची ही मर्यादा लक्षात ठेवूनही तिच्यातील तपशील इतके विशिष्ट आहेत की ते रचलेले वाटत नाहीत. क्राफ्ट दोन्ही हातांनी सारख्याच कौशल्याने काम करी, असे तो सांगतो. पुढे तो म्हणतो की, क्राफ्टची एक चमत्कारिक आवड होती. हाताखाली धट्टाकट्टा, अडाणी खेडूत गडी घेई, आणि जे काही करावयाचे ते एखाद्या निष्णात कारागिरास सांगावे तितक्याच आस्थेने त्यास समजावून सांगे.

नॉयडर्फरने ही गोष्ट एक लहर म्हणून नोंदविली. पण १४५९ च्या संहितेतील गुप्ततेचा नियम मनात ठेवून ती वाचली तर निराळी दिसते. धंद्याबाहेरच्या माणसास विद्या सांगू नये, हा दंडक. आणि हा उस्ताद तर दगड उचलणाऱ्या गड्यालाही कामाचे मर्म सांगत बसे. अर्थात, समोरच्या कामाची रीत सांगणे आणि आराखड्यावरून शिखराची मापे काढण्याची विद्या देणे ह्यांत अंतर आहे, आणि क्राफ्टने नियम मोडला असे ह्यावरून म्हणता येणार नाही. त्याची वृत्ती मात्र कळून येते. उमेदवारी मिळण्यासाठी मुलाजवळ घराणे, पैसा, किमान कोणाची तरी शिफारस लागे. ज्याजवळ ह्यांपैकी काही नाही, त्यासही कामाचा अर्थ कळावा असे ज्यास वाटते, त्याने आपल्या प्रमुख कृतीच्या तळाशी स्वतःच्या शेजारी हाताखालच्या माणसांना बसवावे, ह्यात आश्चर्य नाही.

नॉयडर्फरची दुसरी नोंद अधिक हृद्य आहे. आदाम क्राफ्ट, पितळ ओतणारा पेटर फिशर आणि तांबट सेबास्टियान लिंडेनास्ट हे तिघे एकत्र वाढलेले व भावांसारखे होते. सुटीच्या दिवशी ते एकत्र जमत आणि रेखाटनाचा सराव करीत. हा क्रम त्यांनी म्हातारपणीही सोडला नाही. आपण अजून उमेदवारच आहोत अशा रीतीने ते वागत, आणि पुष्कळदा खाणेपिणेही न करता आपापल्या घरी जात. तिघेही आपापल्या धंद्यातून कलेत आलेले. लिंडेनास्टने न्यूर्नबर्गच्या बाजारचौकातील चर्चवर दुपारच्या ठोक्याला सम्राटाभोवती फेरी घेणाऱ्या निर्वाचकांच्या तांब्याच्या मूर्ती केल्या. त्यांची यंत्ररचना एका कुलूपकाराची होती. फिशर हा ओतारी बापाचा मुलगा. सेंट सेबाल्डच्या समाधीचे भव्य पितळी काम त्याने १५०८ ते १५१९ ह्या काळात पुत्रांच्या साह्याने पुरे केले. त्याचा पहिला आराखडा १४८८ चा आहे. एकाच कामाचा विचार मनुष्य तीस वर्षे करतो, आणि सुटीच्या दिवशी पुन्हा पाटी घेऊन रेघा गिरवीत बसतो. उमेदवारी ही आयुष्यातील एक पायरी न मानता कायमची वृत्ती मानणाऱ्या ह्या मंडळींना उमेदवाराची प्रतिमा घडविण्यात कमीपणा वाटण्याचे कारणच नव्हते.

क्राफ्टच्या मूर्तीची परंपरागत ओळख बळकट करणारा पुरावा ह्याच फिशरच्या कृतीत आहे. सेबाल्डच्या समाधीच्या एका टोकाशी खालच्या कोनाड्यात फिशरने स्वतःची मूर्ती बसविली आहे. अंगावर चामड्याचा एप्रन, डोक्यावर टोपी, हातात हत्यारे असा तो ठेंगणा, रुंद बांध्याचा ओतारी उभा आहे. दोघे मित्र, दोघांचीही नगरातील प्रमुख चर्चमधील कामे, दोन्ही ठिकाणी कामाच्या वेषातील कारागीर तळाशी. एकाने दुसऱ्याचे पाहून केले हे मानणे स्वाभाविक आहे, आणि तसे मानले तर क्राफ्टच्या मूर्तीचा फिशरने लावलेला अर्थ काय होता, तेही कळते. फरक एवढाच की फिशर कोनाड्यात एकटा आहे. त्याच्या मुलांचा उल्लेख लेखात येतो, मूर्तींत नाही.

हा फरक पुढील घडामोडींचा सूचक म्हणावा लागेल. त्याच नगरात, त्याच वर्षांत, सोनाराचा मुलगा व सोनारकामात उमेदवारी केलेला आल्ब्रेख्ट ड्यूरर स्वतःची चित्रे काढीत होता. १४९८ च्या चित्रात तो हातमोजे घातलेला खानदानी तरुण आहे. १५०० च्या चित्रात फरची किनार असलेला डगला घालून तो ख्रिस्तासारखा सन्मुख बसला आहे. हत्यार कोठेही नाही. १५०६ मध्ये व्हेनिसहून मित्रास लिहिलेल्या पत्रात, येथे आपल्याला सभ्य गृहस्थाचा मान मिळतो, घरी मात्र आश्रिताची वागणूक, अशी तक्रार त्याने केली आहे. कलावंताला प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय ड्यूररला निःसंशय आहे. परंतु त्या प्रतिष्ठेची किंमत कर्मशाळेने दिली, हे विसरता येत नाही. क्राफ्टने प्रतिष्ठा मागितली ती हत्यारांसह आणि सोबत्यांसह. कलेच्या इतिहासाने ड्यूररचा मार्ग स्वीकारला, आणि मग क्राफ्टकडेही त्याच चष्म्यातून पाहिले.

श्रमाकडे बघण्याची क्राफ्टची दृष्टी त्याच्या एका लहान कामातही दिसते. १४९७ मध्ये नगराच्या वजनघराच्या दारावर त्याने एक उठावशिल्प केले. मध्ये तराजूचा काटा पाहणारा अधिकारी, एका बाजूस पारड्यात वजन टाकणारा नोकर, दुसऱ्या बाजूस पिशवीत हात घालणारा व्यापारी. व्यापाऱ्याचा हात मोठ्या अनिच्छेने आत जात आहे. तुलाही दुसऱ्यासारखाच न्याय, अशा आशयाचे शब्द वर कोरले आहेत. ज्या व्यापाऱ्यांच्या पैशावर नगरातील कला पोसली जात होती, त्यांच्याकडे पाहून इतक्या सौम्य रीतीने हसणारा दुसरा शिल्पकार त्या काळी क्वचितच सापडेल.

क्राफ्टने नंतर सेंट योहान्निस दफनभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर क्रूसमार्गाचे सात टप्पे कोरले. जानेवारी १५०९ मध्ये श्वाबाख ह्या गावी तो मरण पावला. १५२५ मध्ये न्यूर्नबर्गने लूथरचा पंथ स्वीकारला आणि प्रसादगृहाचा मूळ उपयोग संपला. इतरत्र अशा वास्तू मोडल्या गेल्या. येथे ती इम्होफ घराण्याची देणगी म्हणून राहिली. दुसऱ्या महायुद्धात तिच्याभोवती संरक्षक भिंत बांधण्यात आली होती. बॉम्बहल्ल्यांत चर्चचे छत कोसळून तिचा वरचा भाग भंगला. भिंतीच्या आत असलेला खालचा भाग वाचला. चर्चचा जीर्णोद्धार १९५२ मध्ये पुरा झाला. भंगलेली शिखरे आणि वळलेला शेंडा पाथरवटांनी पुन्हा घडवून जागेवर बसविला. तो भार तेच तिघे वाहत आहेत.